सगळे आधीच आलेत, मी एक सेम उशिरा: वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमधली चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, पहिल्या वर्षाला सगळ्यांच्या एक सेमिस्टर नंतर जॉईन होण्याबद्दलची. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतेय. पत्रं थोडी लहान केलीत, नावं काढलीत.

प्रश्न: ताई, मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली होती पण कॉलेज सुरू व्हायच्या आधीच पायाचं ऑपरेशन करावं लागलं आणि विद्यापीठाने माझी सीट एक सेम पुढे ढकलून दिली. आता पाय बरा आहे, पुढच्या महिन्यात जॉईन होणार, पण बाकीच्यांचं पहिलं सेम तोवर संपलेलं असेल. मी रोज त्यांचे फोटो बघत बसते. वेलकमचा कार्यक्रम झाला, ट्रिप झाली, ग्रुप पडले, एकमेकांना टोपणनावंसुद्धा पडली. मी तिथे जाऊन कुणाशेजारी बसणार? लॅबमध्ये पार्टनर कोण घेणार मला? रूममेट पण अशी मिळणार जी इतके महिने दुसऱ्याच कुणाबरोबर राहिलीय. घरचे म्हणतात होईल गं सगळं नीट, पण कसं होईल ते कुणीच सांगत नाही. आणि हो, मॅथ्स १ राहिलंय, ते मी मॅथ्स २ बरोबरच घेऊन टाकणार आहे म्हणजे लगेच सगळ्यांच्या बरोबरीला येईन. चालेल ना?
– उशिरा येणारी

उत्तर: अगं, मैत्रिणींबद्दल तू इतकं सगळं लिहिलंस आणि विषयांबद्दल शेवटी जाता जाता दोन वाक्यं. मी उलट करते, आधी विषयांचं बोलते. कारण एक सेम उशिरा आलेल्यांना खरा फटका तिथे बसतो आणि तो पहिल्या महिन्यात दिसतच नाही. तिसऱ्या-चौथ्या सेमला दिसतो, आणि तेव्हा हातात करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. एकटेपणा पहिल्याच दिवशी दिसतो, टोचतो, पण तो महिन्यागणिक कमी होत जातो. विषयांची चुकलेली साखळी आपोआप सरळ होत नाही.

मॅथ्स १ आणि मॅथ्स २ एकदम घ्यायचा विचार सोडून दे, स्पष्टच सांगते. एक तर बहुतेक ठिकाणी मॅथ्स २ ला बसायला आधी मॅथ्स १ पास लागतं, त्यालाच प्रीरिक्विझिट म्हणतात, आणि ते नसेल तर रजिस्ट्रेशनच होत नाही. आणि समजा कुणी परवानगी दिलीच, तरी काय होईल बघ: एका वर्गात तू डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते शिकत असशील आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्गात इंटिग्रेशनच्या पद्धती चालू असतील, ज्या डेरिव्हेटिव्ह हातात बसल्याशिवाय समजतच नाहीत. हुशारी असून उपयोग नाही, क्रमच उलटा पडतो.

त्यापेक्षा जॉईन व्हायच्या आधी एक दुपार काढ आणि हे कर. विद्यापीठाच्या साईटवर तुझ्या ब्रँचचा पूर्ण कोर्सचा तक्ता असतो, कुठल्या सेमला कुठले विषय, तो डाऊनलोड कर. मोठा कागद आडवा घे, आठ सेमचे आठ रकाने पाड, विषय लिही, आणि ज्या विषयाला आधीचा विषय लागतो तिथपर्यंत बाण काढ. तुला लगेच दिसेल की सगळे विषय सारखे नाहीयेत. काही सुटे आहेत, कधीही घेतले तरी चालतात, भाषा, कम्युनिकेशन, पर्यावरण, एखादं इलेक्टिव्ह. आणि काही एकाला एक जोडलेले आहेत: मॅथ्स १ वरून मॅथ्स २, तिथून डिफरन्शिअल इक्वेशन्स, तिथून फ्लुइड मेकॅनिक्स. ही लांब साखळीच ठरवते तुझी डिग्री कधी पूर्ण होणार ते. बाकीचे विषय इकडेतिकडे हलवता येतात.

आता लाल पेन घे आणि जे विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात त्यांना गोल कर. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि बहुतेक जण तो करतच नाहीत. मॅथ्स १ जर दोन्ही सेमला होत असेल तर तुझा उशीर एका सेमचाच राहील. पण ते जर फक्त वर्षाच्या सुरुवातीच्या सेमलाच होत असेल, तर तुला ते पुढच्या वर्षी मिळणार, मॅथ्स २ त्याच्या पुढच्या सेमला, आणि अर्ध्या वर्षाचा उशीर गुपचूप एका वर्षाचा होऊन बसतो. यात तुझी काहीच चूक नसते, टाइमटेबलच तसं असतं. पण हे आधी कळलं तर त्यावर उपाय असतात: काही ठिकाणी सुट्टीतलं समर सेशन असतं, काही ठिकाणी राहिलेल्यांसाठी आणि नापास झालेल्यांसाठी उलट्या सेमला वेगळा वर्ग चालवतात (त्यात बसायला लाजू नकोस, शिकवणं तेच असतं आणि वर्ग लहान असतो), कुठे प्लेसमेंट टेस्ट (नोकरीची नाही, तुला आधीच किती येतं ते बघणारी) देऊन सुरुवातीचा विषय सोडता येतो, तर कुठे दुसरीकडे केलेला कोर्स क्रेडिट ट्रान्सफरमध्ये, म्हणजे तिथले क्रेडिट (विषयाच्या कामाचं माप) इथल्या डिग्रीत, धरतात. यातलं तुझ्या विद्यापीठात काय चालतं ते ॲडव्हायजरला, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या प्राध्यापकांना, विचार. तो कागद समोर ठेवून विचार, नुसतं 'मी उशिरा आलेय, काय करू' असं विचारू नकोस, त्याला उत्तर 'काळजी करू नको' हेच येतं. 'मॅथ्स १ या सेमला नसेल तर माझं फ्लुइड मेकॅनिक्स कधी येतं' असं विचार. आणि जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेल करून ठेव, 'आपलं आज असं बोलणं झालं, बरोबर ना' एवढं दोन ओळींत. ॲडव्हायजर बदलतात, ईमेल राहतो.

मग या पहिल्या सेमला घ्यायचं काय? सुटे विषय. जे बाकीचे तिसऱ्या-चौथ्या सेमला घेणार आहेत ते तू आत्ताच संपव. म्हणजे पुढे जेव्हा अवघड विषयांची गर्दी होईल तेव्हा तुझ्या टाइमटेबलमध्ये मोकळी जागा असेल. उशिरा आलेल्यांना मिळणारा हा फायदा खरा आहे, मी मन राखायला सांगत नाहीये.

बरोबरीला यायचं म्हणून जादा विषय घ्यायचा मोह मात्र आवर. युरोपात पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटला 25 ते 30 तास काम, म्हणजे एका सेमचे 30 क्रेडिट म्हणजे 750 ते 900 तास होतात, लेक्चर आणि घरचा अभ्यास मिळून. अमेरिकेतला हिशोब वेगळा पण ओझं तेवढंच, आठवड्याला एका क्रेडिटमागे एक तास वर्ग आणि साधारण दोन तास बाहेर, म्हणजे 15 क्रेडिट घेतले की 45 तास. त्यावर आणखी एक तीन क्रेडिटचा विषय टाकलास की 54. नवीन जागा, नवीन माणसं, नुकताच बरा झालेला पाय आणि त्यात हे 9 तास. नको. जादा विषय घ्यायचाच असेल तर तिसऱ्या सेमला घे, एक सेमचे मार्क हातात आल्यावर.

आता मैत्रीचं. तुला फोटोत जे घट्ट ग्रुप दिसतायत ना, ते पहिल्या काही आठवड्यांत घाईने झालेले असतात. कुणीच ओळखीचं नसतं म्हणून जो पहिला भेटेल त्याला धरून ठेवतात, त्यात स्वभाव जुळलाय की नाही हे नंतर कळतं. दुसऱ्या सेमला बॅचेस बदलतात, इलेक्टिव्ह वेगळे होतात, कुणी रूम बदलतं, कुणी सोडून जातं, आणि बरेच जण मनातल्या मनात नवीन माणूस शोधत असतात पण जुन्या ग्रुपमुळे बोलत नाहीत. तू नेमकी त्या वेळेला येतेयस. त्यामुळे सगळ्या जागा भरल्यात असं जे तुला वाटतंय ते तितकंसं खरं नाही.

यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये पहिल्या वर्षाच्या आणि नवीन गावी राहायला गेलेल्या लोकांना विचारून हिशोब काढला की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण 50 तास लागतात, खरा मित्र म्हणावं असं व्हायला 90 च्या आसपास आणि अगदी जवळची मैत्री व्हायला 200 च्या वर. या आकड्यांकडे घाबरून बघू नकोस, उलट धीर घे, कारण याचा अर्थ दुसऱ्या आठवड्यात तुला कुणी जवळचं नसेल तर तुझ्यात काही कमी आहे असं नाही, तास अजून भरलेले नाहीत एवढंच. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली: नुसतं एका वर्गात किंवा एका कामावर एकत्र असण्याचे तास फारसे धरले जात नाहीत, बरोबर रिकामा वेळ घालवलेले तास धरले जातात. लॅब आठवड्याला तीन तास धरली तर सेमभरात चाळीसेक तास होतात, पण लॅब संपल्यावर 'तू पण लायब्ररीकडेच चाललीयेस का' म्हणून बरोबर चालत गेलीस तर त्या दहा मिनिटांचं वजन जास्त पडतं.

लेक्चरला जागा बदलत बसू नकोस, पहिल्या आठवड्यात एक जागा धर आणि रोज तिथेच बस. हेही नुसतं म्हणायला सांगत नाहीये. 2008 मध्ये जर्मनीतल्या काही मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी चिठ्ठ्या काढल्यासारख्या कशाही जागा दिल्या आणि वर्षभरानंतर पाहिलं, तर शेजारी किंवा एकाच रांगेत बसलेल्यांची मैत्री जास्त झाली होती. फक्त शेजार! मला तर हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण बुजऱ्या माणसालाही हे जमतं, त्यासाठी बोलघेवडं असावं लागत नाही.

लॅब पार्टनरचं मात्र शेजारावर सोडू नकोस. पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी लॅब असिस्टंटला किंवा मॅडमना जाऊन भेट आणि सांग की मी नवीन आहे, कुठल्या बेंचवर एक जण कमी आहे? त्यांच्याकडे यादी असते, त्यांना माहीत असतं कोण एकटं पडलंय, कुणाचा पार्टनर सोडून गेलाय. दारात उभं राहून कोण बोलावतंय याची वाट बघण्यापेक्षा हे हजारपट सोपं. तसंच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्याच दिवशी सीआरकडून नंबर ॲड करून घे, कारण सबमिशनच्या तारखा, रूम बदलल्याचे निरोप सगळं तिथेच येतं आणि उशिरा आलेल्यांचं निम्मं नुकसान ते निरोप न मिळाल्यामुळेच होतं.

रूममेटबद्दल एवढंच, पहिल्या दिवशी सामान लावायच्या आधी तिला विचार, कपाट कुठलं, दिवा किती वाजता बंद करतेस, सकाळचा अलार्म चालतो का. ती तिथे आधीपासून राहतेय, तिची घडी बसलीय, ती विचारून घेतलीस की निम्मी धुसफूस होतच नाही. पुढचं पुढे.

प्रश्न: ताई, मुलाला हव्या त्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण त्यांनी कळवलंय की जागा दुसऱ्या सेमिस्टरपासून आहे, आत्ता नाही. तो नाराज आहे, त्याला वाटतंय आपल्याला मागच्या दाराने घेतलंय. मधले चार-पाच महिने तो रिकामा बसणार याची मला काळजी. या काळात जवळच्या एखाद्या कॉलेजात दोन-तीन विषय करून ठेवले तर पुढे उपयोग होईल का?
– एक वडील

उत्तर: आधी त्याची नाराजी. दादा, त्याला सांगा की मागचं दार वगैरे काही नाही. पहिल्या सेमनंतर काही मुलं सोडून जातात, काही परदेशी एखाद्या सेमला जातात, हॉस्टेलच्या खोल्या आणि वर्गातल्या जागा रिकाम्या होतात, त्या भरायला विद्यापीठं मुद्दाम दुसऱ्या सेमला प्रवेश देतात. अमेरिकेत व्हर्मांट राज्यात मिडलबरी कॉलेज आहे, तिथे दर वर्षी साधारण शंभर मुलं फेब्रुवारीत सुरुवात करतात, त्यांना फेब म्हणतात, त्यांचं ओरिएंटेशन वेगळं होतं आणि पदवीदान समारंभही फेब्रुवारीतच, कॉलेजच्या स्वतःच्या बर्फाच्या डोंगरावरून गाऊन-टोपी घालून स्की करत खाली येतात! ती मुलं फेब असल्याचं अभिमानाने सांगतात. ऑस्ट्रेलियात वर्ष फेब्रुवारी-मार्चला सुरू होतं आणि जुलैत दुसरा प्रवेश असतो. भारतात 2024 मध्ये यूजीसीने वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश द्यायची मुभा विद्यापीठांना दिली, सक्ती नाही केली. जर्मनीत मात्र बऱ्याच बॅचलर कोर्सना फक्त ऑक्टोबरच्या विंटर सेमलाच घेतात. म्हणजे उशीर कशाला म्हणायचं हे तिथल्या कॅलेंडरवर ठरतं.

आता तुमचा खरा प्रश्न, आणि इथे जरा सावध राहा. दुसऱ्या कॉलेजात विषय करायच्या आधी प्रवेशाच्या पत्रातल्या अटी पूर्ण वाचा, बारीक अक्षरातल्यासुद्धा. काही विद्यापीठं सांगतात की मधल्या काळात दुसरीकडे क्रेडिटचे कोर्स केले तर प्रवेश रद्द होऊ शकतो, किंवा मग विद्यार्थी फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा नवा) न राहता ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून आलेला) धरला जातो, आणि पहिल्या वर्षासाठी असलेली स्कॉलरशिप जाते. काही विद्यापीठं उलट स्वतःच सांगतात की अमुक विषय बाहेर करून या, आम्ही धरू. दोन्ही प्रकार आहेत, म्हणून अंदाजाने काही करू नका. ॲडमिशन ऑफिसला लेखी विचारा: मधल्या काळात क्रेडिटचा कोर्स केला तर चालेल का, त्याने प्रवेशाचा प्रकार बदलतो का, स्कॉलरशिपवर परिणाम होतो का, आणि कोणते विषय धरले जातील. उत्तर आल्याशिवाय फी भरू नका.

परवानगी नसेल तर क्रेडिटशिवायचा अभ्यास कुणीच अडवत नाही. आणि माझ्या मते त्यात सगळ्यात उपयोगी गणित. मोकळे महिने गेले की भाषा, इतिहास फारसं विसरत नाही, गणिताचा हात मात्र गंजतो, आणि तो नेमका पहिल्या टेस्टला लक्षात येतो. रोज थोडी उदाहरणं, कागदावर, व्हिडिओ बघून नाही. बाकी वेळ त्याला त्याचा वापरू द्या. नोकरी करू दे, कुणाच्या हाताखाली काही शिकू दे, नुसती झोप काढायची असेल तर सुरुवातीचे दोन आठवडे तेही चालेल. तुम्हाला रिकामं दिसेल, पण शाळेचं ते धावपळीचं वर्ष त्याच्या अंगावर अजून असेल.

हॉस्टेलचा अर्ज मात्र आत्ताच तपासा. दुसऱ्या सेमला येणाऱ्यांसाठी तारीख वेगळी असते आणि ती जाहीर करताना कुणी मोठा बोर्ड लावत नाही.

प्रश्न: मी दुसऱ्या सेमला जॉईन झालो त्याला आता वर्ष होत आलं. मित्र झालेत, अभ्यास ठीक चाललाय. पण मी कुठल्या बॅचचा हेच कळत नाही. माझे मित्र माझ्या आधी पास होऊन जाणार, मी एक सेम मागे राहणार. इंटर्नशिपच्या फॉर्मवर वर्ष कुठलं लिहायचं? प्लेसमेंटला मी कुणाबरोबर बसणार? स्कॉलरशिप शेवटच्या सेमला मिळेल का? कधी कधी वाटतं एक पूर्ण वर्षच थांबलो असतो तर बरं झालं असतं.
– ना इकडचा ना तिकडचा

उत्तर: फॉर्मचं सोपं आहे. कंपन्यांना तुझी बॅच नको असते, तू मोकळा कधी होणार ते हवं असतं. म्हणून रेझ्युमेवर सुरुवातीचं वर्ष ठळक करू नको, 'पदवी अपेक्षित' म्हणून महिना आणि वर्ष लिही, तुझ्या ट्रान्सक्रिप्टच्या हिशोबाने जो येतो तोच. मित्रांची तारीख लिहून टाकू नकोस, जॉईनिंगच्या वेळी डिग्री हातात नसेल तर ऑफर अडकते.

प्लेसमेंटचं तुझ्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला आत्ताच विचार, शेवटच्या वर्षाला नाही. बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा, शेवटचं वर्ष सुरू झालं की येतात. तुझ्यासारख्याला काही कॉलेजं मित्रांच्या बॅचबरोबर बसू देतात आणि जॉईनिंग पुढे ढकलून घेतात, काही पुढच्या बॅचबरोबरच बसवतात. दोन्हींत फायदा-तोटा आहे. आधीच्या बॅचबरोबर बसलास तर ऑफर लवकर, पण कंपनी सहा महिने थांबेल का हे बघावं लागतं. पुढच्या बॅचबरोबर बसलास तर डिग्री हातात असते, पण मध्ये काही महिने रिकामे, त्यात इंटर्नशिप करता येते, आणि खरं सांगू, त्या वेळेला इंटर्नशिप मिळणं जरा सोपं जातं कारण सगळे उन्हाळ्यात मागतात आणि तू भलत्याच महिन्यात मोकळा असतोस.

स्कॉलरशिपचं पत्र काढून बघ, त्यात 'आठ सेमिस्टर' लिहिलंय की 'चार शैक्षणिक वर्षं'. दिसायला सारखंच, पण तुझ्यासाठी नाही. सेमिस्टर मोजत असतील तर तुला पूर्ण मिळेल. शैक्षणिक वर्षं मोजत असतील तर तू अर्ध्यातून सुरू केलेलं वर्षही कदाचित पूर्ण मोजतील आणि शेवटचं सेम उघडं पडेल. तसं असेल तर आत्ता अर्ज कर, एक सेम वाढवून द्या म्हणून, प्रवेशाची तारीख दाखवणारं पत्र जोडून. शेवटच्या सेमला अर्ज केला तर तोपर्यंत पैसे वाटून झालेले असतात. एज्युकेशन लोन असेल तर हप्ते कधी सुरू होतात तेही याच दमात विचारून घे.

आणि एक सेम गाठायची खरंच इच्छा असेल तर आता, एक वर्ष नीट गेल्यावर, ते जमू शकतं. एका समर सेशनमध्ये दोन विषय, पुढे दोन सेममध्ये एकेक जादा, आणि एखादं प्रोजेक्ट सुट्टीत. गाठायलाच हवं असं मात्र मला वाटत नाही. मित्र आधी जातील, हे दुःख आहे, ते मी कमी लेखत नाही. पण शेवटच्या सेमला तुझ्याबरोबर वर्गात जे बसलेले असतील त्यांच्यातल्याही कितीतरी जणांचे विषय राहिलेले, ब्रँच बदललेली, आजारपणात सेम गेलेलं असतं. सगळे एका दिवशी आले आणि एका दिवशी गेले असं कॉलेजात क्वचितच होतं, दुरून तसं वाटतं फक्त.

पूर्ण वर्ष थांबलो असतो तर, हा विचार आता सोड. ते वर्ष घरी बसून काढावं लागलं असतं, आणि या वर्षात तू जे विषय पास झालास, जे मित्र केलेस, ते त्या हिशोबात धरत नाहीयेस.

प्रश्न: मी उशिरा जॉईन झालो कारण मला डिप्रेशन होतं, औषधं चालू होती, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. आता बरा आहे पण प्रत्येक जण पहिल्या भेटीत विचारतो 'अरे तू उशिरा का आलास?' मी दर वेळी काहीतरी वेगळंच सांगतो आणि मग काय सांगितलं ते लक्षात ठेवत बसतो. काय सांगू?
– नवा

उत्तर: एक वाक्य ठरव आणि सगळ्यांना तेच सांग: 'तब्येतीमुळे एक सेम पुढे ढकललं, आता बरा आहे.' हे खरं आहे, पूर्ण आहे, आणि समोरच्याला त्यापुढे विचारायचा काही हक्क नाही. बहुतेक जण विचारणारही नाहीत, कारण त्यांनी सहज बोलणं सुरू करायला म्हणून विचारलेलं असतं, चौकशी म्हणून नाही. सांगून झालं की लगेच त्यालाच काहीतरी विचार, कुठला विषय जड जातोय, कुठले सर चांगले शिकवतात. विषय तिथेच बदलतो. आणि कुणी तरीही खोदून विचारलंच तर 'त्यावर नको बोलूया' म्हणालास तरी उद्धटपणा नाही. पुढे कधी कुणी जवळचं झालं आणि तुला वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको.

तू पत्रात लिहिलं नाहीस पण मला वाटतं, समोरचा आपल्याबद्दल काय विचार करत असेल हेही तुझ्या डोक्यात चालू असणार. 2018 मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी नव्याने भेटलेल्या लोकांना बोलणं संपल्यावर वेगवेगळं विचारलं, तुला समोरचा किती आवडला आणि त्याला तू किती आवडलास असं वाटतं. बहुतेकांनी स्वतःला कमीच धरलं होतं, समोरच्याला ते प्रत्यक्षात जास्त आवडले होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्येही हा गैरसमज कित्येक महिने टिकला. म्हणजे आपण घरी येऊन 'मी काय बोललो तिथे' म्हणून जे उगाळत बसतो ते समोरच्याच्या डोक्यातही नसतं.

मित्रांना सांगणं आणि ऑफिसला सांगणं मात्र वेगळं धर. विद्यापीठात विद्यार्थी मदत किंवा समुपदेशनाचं जे ऑफिस असेल तिथे खरं कारण सांग, डॉक्टरांचं पत्र दे. परीक्षेला जादा वेळ, अटेंडन्समध्ये सूट, सबमिशनची तारीख पुढे, या गोष्टी अशा पत्रावर मिळू शकतात, पण त्रास सुरू झाल्यावर मागितल्या तर उशीर होतो, बरा असतानाच नोंद करून ठेवायची. तिथे काय गुप्त राहतं आणि प्राध्यापकांपर्यंत काय जातं ते आधी विचारून घे, मगच कागद दे. औषधं आपल्या मनाने बंद करू नकोस, 'आता बरा आहे' म्हणून तर अजिबात नाही, ते डॉक्टरच ठरवतील. आणि फॉलो-अप तिकडे जवळपास कुणाकडे होईल हे याच आठवड्यात ठरव, जुन्या डॉक्टरांकडून त्यांना एक पत्र घेऊन जा, परीक्षेच्या दिवसांत ही धावपळ नको.